खान्देशात स्पॅनिश घोडा: ड्रेसाज आणि रपेटीसाठी घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दत्तजयंती जवळ आली आणि सारंगखेड्याच्या यात्रेची चर्चा सुरू झाली, की शहादा, शिरपूर, दोंडाईचा, चोपडा इकडून घोड्याविषयी विचारणा सुरू होते. पूर्वी सगळे मारवाडी, काठेवाडी नाहीतर नुकऱ्याबद्दल विचारायचे. आता मोबाईलवर स्पेनचे घोडे पाहिलेली तरुण मंडळी थेट विचारतात, "दादा, स्पॅनिश घोडा आपल्याकडे चालेल का?" सप्टेंबर 2023 मध्ये चीनमधल्या हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या ठरलेल्या हालचालींच्या स्पर्धेत, सुवर्ण मिळवलं. त्या चौघांतली सुदिप्ती हजेला इंदूरची, म्हणजे सातपुडा ओलांडला की आपल्या शेजारची. तेव्हापासून मुलींचे वडीलही विचारू लागले आहेत, याचा मला फार आनंद आहे. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

स्पॅनिश घोडा म्हणजे नेमका कोणता?

आपण ज्याला स्पॅनिश किंवा अँडलुशियन म्हणतो, तो बहुतेक वेळा 'पुरा रासा एस्पान्योला', म्हणजे पीआरई. या जातीची वंशनोंदवही 1912 मध्ये सुरू झाली. ती आधी स्पेनच्या लष्कराकडे होती आणि 2007 पासून 'आंक्से' ही पैदासकारांची संघटना सांभाळते. पण स्पेनमध्ये जन्मलेला प्रत्येक घोडा पीआरई नसतो. पीआरई आणि अरबी यांच्या संकरातून इस्पानो-आराबे होतो, खेळासाठी पैदास केलेल्या घोड्याची वेगळी नोंदवही आहे, आणि नुसता 'क्रुसादो', म्हणजे मिश्र रक्ताचा घोडाही सर्रास विकला जातो. मिश्र असणं वाईट नाही. रपेटीला इस्पानो-आराबे उत्तम, चपळ आणि दमदार. फक्त पीआरईची किंमत मोजून मिश्र घोडा घरी आणू नका.

पीआरई साधारण 15.2 ते 16 हात उंच, म्हणजे 157 ते 163 सेंटिमीटरच्या आसपास. अंग भरलेलं, मान कमानदार, पाठ आखूड, आयाळ दाट. बहुतेक सब्जा असतात. शिंगरू काळपट जन्मतं आणि वर्षागणिक पांढरं होत जातं. आपल्या यात्रेतला नुकरा जन्मापासून पांढरा असतो आणि त्याची कातडी गुलाबी असते. पांढऱ्या पीआरईच्या केसांखालची कातडी काळी असते. मे महिन्याच्या उन्हात हा फरक फार महत्त्वाचा, कारण गुलाबी कातडी लवकर भाजते.

ड्रेसाज म्हणजे घोडा नाचवणंच ना? तो तर आपल्याकडेही नाचतो.

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण चुकीच्या खरेदीचं मूळ इथेच असतं.

लग्नात किंवा यात्रेत नाचणारा घोडा पुष्कळदा ताणाखाली पाय उचलत असतो. तोंडात धारदार कडियाळ, लगाम खेचलेला, समोर ढोल, मागे चाबूक. मान वर, पाठ खाली दबलेली, डोळ्याचं पांढरं दिसतंय. ड्रेसाजमध्ये 'पियाफ' नावाची क्रिया आहे. त्यातही घोडा जागच्या जागी दुडकतो आणि लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच वाटतं. पण खऱ्या पियाफमध्ये घोड्याचा मागचा भाग खाली बसतो, मागचे पाय पोटाखाली येतात, पुढचं अंग हलकं होतं आणि पाठ वर उचललेली असते. स्वार लगाम सैल सोडतो तेव्हा तो शांतपणे चालू लागतो. नाचवलेला घोडा लगाम सोडला की उधळतो, नाहीतर तसाच थयथयत राहतो. खरेदीच्या वेळी ही परीक्षा घ्याच: घोड्याची कला दाखवून झाली की मालकाला सांगा, "आता लगाम पूर्ण सोडा आणि नुसतं चालवा."

ड्रेसाजचा पाया याहून साधा आहे. 20 बाय 40 किंवा 20 बाय 60 मीटरचं मैदान, कडेला अक्षरं, ठरलेली हालचालींची मालिका आणि प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण. सुरुवातीच्या पातळीला सरळ चालणं, गोल वर्तुळ, चारही पाय सारखे ठेवून थांबणं एवढंच असतं. एवढं नीट जमायलाही वेळ लागतो. ज्या घोड्याला हे जमतं तो पाटचारीच्या कडेने जातानाही स्वाराचं ऐकतो. म्हणून रपेट आणि ड्रेसाज या दोन वेगळ्या गरजा आहेत असं मी मानत नाही. मैदानातल्या शिक्षणामुळे रपेट सुरक्षित होते, आणि रोज त्याच चौकटीत फिरून कंटाळलेला घोडा बाहेर मोकळा होतो.

मोठ्या स्पर्धांत हा घोडा टिकतो का?

टिकतो. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्पेनच्या संघाने ड्रेसाजचं रौप्य मिळवलं, तेव्हा त्या संघातल्या चार घोड्यांपैकी इन्व्हासोर, ओलेआखे आणि गिझो हे तीन पीआरई होते. 2010 मध्ये केंटकीच्या जागतिक स्पर्धेत फुएगो दे कार्देनास या पांढऱ्या घोड्याने संगीतावरच्या फेरीत प्रेक्षकांना उभं केलं.

तरी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. सर्वोच्च पातळीवर आज जर्मन, डच, डॅनिश वॉर्मब्लड, म्हणजे युरोपात खेळासाठी पैदास केलेल्या मोठ्या घोड्यांचं वर्चस्व आहे. त्यांची चाल लांब आणि उसळती. पीआरईची ताकद अंग गोळा करण्यात, पियाफ आणि पासाजमध्ये (उंच, संथ दुडकीत) आणि वळणात असते. लांब पसरलेल्या दुडकीत तो मागे पडतो. तुम्हाला राज्य आणि राष्ट्रीय पातळीपर्यंत जायचं असेल आणि एरवी सकाळी तापीकाठी फिरायचं असेल, तर पीआरई तुमच्या हाताला आणि बसण्याला जास्त सोयीचा. वॉर्मब्लडची उसळी नवशिक्या स्वाराची कंबर मोडते.

सारंगखेड्याचा मारवाडी घेऊन ड्रेसाज करता येणार नाही का?

येतं, आणि बऱ्याच जणांनी तेच करावं असं माझं मत आहे. कमी खर्च, इथल्या हवेला सरावलेला घोडा, आजारपणात इथल्या डॉक्टरांच्या ओळखीची जात. अडचण एकच, रेवाल, म्हणजे स्वाराला न हिंदकळवणारी सपाट चाल. आपल्या बाजारात रेवालला मोठी किंमत, कारण स्वाराला धक्का बसत नाही, तासन्‌तास बसता येतं. पण ड्रेसाजला तीन शुद्ध चाली लागतात: चार ठोक्यांचं चालणं, कर्णरेषेतल्या पायांची दोन ठोक्यांची दुडकी आणि तीन ठोक्यांचा कँटर. रेवालमध्ये एका बाजूचे पाय जवळजवळ एकत्र पडतात. लहानपणापासून तीच चाल बांधलेल्या घोड्याची दुडकी मोडलेली असते आणि ती परत बसवणं फार कष्टाचं. मारवाडी घ्यायचा असेल तर रेवाल न बांधलेला, कुणी फारसा न हाताळलेला वछेरा शोधा आणि तो मोकळा सोडून दुडकताना बघा.

यात्रेतून कोणताही घोडा घेतला तरी ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय तो घरच्या घोड्यांजवळ बांधू नका. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला वाचवता येत नाही. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या तपासणीचं मुख्य ठिकाण आहे. नमुने पशुसंवर्धन खात्यामार्फत जातात.

यात्रेत कुणी 'स्पॅनिश' म्हणून घोडा दाखवला तर?

मायक्रोचिप वाचून घ्या आणि पासपोर्टवरच्या, म्हणजे घोड्याच्या ओळखपुस्तिकेतल्या, क्रमांकाशी जुळवा. चिप नाही किंवा पासपोर्ट नाही, तर तो घोडा देशी समजून देशी किमतीत बोला. लांब आयाळ आणि कमानदार मान पुरावा होत नाही.

स्पेनला जाऊन घोडा बघायचा ठरवलंय. काय काय बघू?

जाणार असाल तर नोव्हेंबरमध्ये जा. सेव्हिल शहरात 'सिकाब' हे पीआरईचं मोठं प्रदर्शन तेव्हा भरतं आणि पुष्कळ पैदासकार एकाच ठिकाणी भेटतात. हेरेस गावी 1973 पासून चालणारी शाही अश्वविद्येची शाळा आहे, तिचा सराव बघा. चांगला घोडा कसा हलतो हे डोळ्यांत बसलं की मग बाजारात फिरा. प्रदर्शनात सौदा करू नका. तिथे निवडा आणि घोडा त्याच्या घरी जाऊन बघा.

घरी गेल्यावर पहिली नजर नाकाच्या हाडावर. स्पेनमध्ये 'सेरेटा' नावाची दातेरी लोखंडी पट्टी नाकावर वापरण्याची जुनी पद्धत आहे. तिचे व्रण, पांढरे केस, हाडावरचा उंचवटा दिसला तर त्या घोड्याला कसं शिकवलं असेल याचा अंदाज येतो. व्रण असलेला प्रत्येक घोडा टाकाऊ नसतो, पण तो डोक्याजवळ हात नेऊ देतो का, कडियाळ घालताना तोंड उघडतो का, हे मग दुप्पट लक्ष देऊन बघा.

दुसरी नजर चालण्यावर. माझ्या मते चालणंच सगळ्यात महत्त्वाचं, कारण दुडकी शिक्षणाने सुधारते, चालणं फारसं सुधारत नाही. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापुढे पडायला हवा. पीआरईमध्ये चालणं आखूड असण्याचा दोष बराच आढळतो. समोरून उभं राहून दुडकी बघा. काही घोडे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला फेकतात. यात्रेत त्याला टाळ्या मिळतील, पण सांध्यांवर त्याचा भार पडतो आणि ड्रेसाजच्या गुणांतही तोटा होतो. मानेवरची चरबी एका बाजूला ढळलेली असेल तर तोही जातीतला दोष आहे.

मग मालकाच्या माणसाला आधी बसवा, नंतर तुम्ही बसा. मैदानात झालं की बाहेर रस्त्यावर न्या. सोबतीच्या घोड्याबरोबर आणि नंतर एकटा. ट्रॅक्टर, कुत्री, प्लॅस्टिकची पिशवी, पाण्याचा ओहोळ. मैदानात मोत्यासारखा वागणारा घोडा फाटकाबाहेर पाऊल टाकायला तयार नसेल, तर रपेटीसाठी तो तुमचा नव्हे. दुसऱ्या दिवशी न सांगता लवकर जा आणि तो बांधलेला असताना, खरारा करताना, खोगीर चढवताना बघा. आदल्या दिवशी दमवून शांत केलेला घोडा दुसऱ्या सकाळी खरा स्वभाव दाखवतो.

घोडा घ्यावा, घोडी, की खच्ची केलेला?

रपेटीसाठी खच्ची केलेला. स्पेनमध्ये पुष्कळ नर तसेच ठेवतात आणि तिथल्या अनुभवी हातांत ते शांतही असतात. पण इथे टांग्याच्या घोड्या, वरातीच्या घोड्या, शेजारच्या मळ्यातली मोकळी घोडी, सगळं अचानक समोर येतं. तेरा-चौदा वर्षांची मुलगी पाठीवर असताना हा धोका का पत्करायचा? आपल्या लोकांना खच्ची करणं जिवावर येतं, घोड्याचा रुबाब जातो असं वाटतं. पैदास करायची नसेल तर माझं मत ठाम आहे. घोडी चांगली, मेहनती, पण माजावर असताना तिला समजून घेणारा स्वार हवा.

किती वयाचा आणि किती शिकलेला?

सहा ते दहा वर्षांचा, तिन्ही चालींत स्वाराचं ऐकणारा, रस्त्याला सरावलेला. ही जात उशिरा भरते. चार वर्षांच्या घोड्याला पियाफ येतं असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर मी दोन पावलं मागे सरकेन, कारण त्या वयातल्या मागच्या सांध्यांवर हा भार टाकायचा नसतो. पहिल्यांदा ड्रेसाज शिकणाऱ्या स्वाराने बारा-तेरा वर्षांचा, पण निरोगी आणि पूर्ण शिकलेला घोडा घेतला तर तो घोडाच त्याला शिकवतो. नवखा स्वार आणि नवखा घोडा ही जोडी जमत नाही.

माझं वजन 90 किलो आहे. चालेल?

खोगीर आणि कपडे धरून स्वाराचा भार घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण नियम आहे. 500 किलोच्या घोड्याला 100 किलो. म्हणजे चालेल, पण घोडा पाठीने आणि पायाच्या नळीने भक्कम हवा, आणि तुम्ही पाठीवर आदळत बसता कामा नये.

डॉक्टरी तपासणीत काय सांगायचं?

तपासणारा डॉक्टर तुमचा असावा, विकणाऱ्याच्या रोजच्या ओळखीचा नको. पाय दुमडून धरून लगेच दुडकवण्याची चाचणी, कडक जमिनीवर आणि मऊ जमिनीवर लहान वर्तुळात चालवणं, हृदय, डोळे, दात, पाठ, आणि पायांच्या खालच्या सांध्यांचे, गुडघ्याचे, घोट्याचे एक्स-रे. रक्ताचा नमुना काढून राखून ठेवायला सांगा, म्हणजे वेदनाशामक किंवा गुंगीचं औषध दिलं होतं का हे नंतरही कळू शकतं.

सब्जा घोड्याच्या शेपटीखाली, गुदद्वाराभोवती आणि जबड्यामागे गाठी आहेत का हे बघायला हवंच. वय वाढलेल्या सब्ज्यांमध्ये मेलानोमाच्या, म्हणजे कातडीच्या काळ्या गाठी फार सामान्य आहेत. बऱ्याच घोड्यांना त्या वर्षानुवर्षं त्रास देत नाहीत. पण तरुणपणीच पुष्कळ असतील, किंवा खोगिराच्या आणि कडियाळाच्या जागी असतील, तर तो सौदा सोडा.

गोचिडापासून होणारा पायरोप्लाझ्मोसिस स्पेनमध्ये आढळतो आणि आपल्याकडेही. घोडा वाहक असेल तर प्रवासाच्या ताणाने ताप उलटू शकतो. तपासून घ्या, म्हणजे इथल्या डॉक्टरांना आधीच सांगता येईल.

तो भारतात, आणि मग खान्देशात, आणायचा कसा?

जिवंत जनावराची आयात पशुधन आयात कायदा, 1898 खाली येते. केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धविकास विभागाकडून स्वच्छता आयात परवाना, विदेशी व्यापार महासंचालनालयाच्या अटी, सीमाशुल्क, उतरल्यावर सरकारी क्वारंटाईन आणि तिथल्या तपासण्या. मुंबईला असं केंद्र आहे. घोड्याच्या विमान-वाहतुकीचं काम रोज करणारा एजंट धरल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. परवाना हातात येण्याआधी पूर्ण पैसे तर मुळीच देऊ नका. करारात दोन अटी लिहून घ्या: डॉक्टरी तपासणीत नापास झाला किंवा परवाना नाकारला गेला, तर इसारा परत.

मुंबईपासून धुळे सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. कसारा घाट रात्री चढा, चांदवडच्या आधी गाडी थांबवून पाणी पाजा, आणि गाडीत घोड्याचं डोकं आखूड बांधू नका. मान खाली घालता आली नाही तर लांबच्या प्रवासात छातीचा संसर्ग होतो.

खर्चाबद्दल एवढंच सांगतो: विमान, क्वारंटाईन, शुल्क आणि एजंट यांचा एकत्र आकडा घोड्याच्या किमतीपेक्षा मोठा निघू शकतो. आधी हा आकडा लेखी घ्या, मग घोडा बघायला जा.

आपला उन्हाळा सोसेल का?

लोक सगळ्यात जास्त याचीच काळजी करतात, आणि याची भीती मला त्या मानाने कमी वाटते. अँडलुशियाचा, म्हणजे दक्षिण स्पेनचा, उन्हाळाही कडक आणि कोरडा. सेव्हिल, कोर्दोबात पारा 40 च्या वर जातोच. जळगाव-भुसावळचा मे त्याहून कठीण, पण जातकुळी तीच. सावली, वारा, दिवसभर गार पाणी, मीठ, आणि काम फक्त पहाटे. खान्देशात आल्यावर पहिला हंगाम त्याला अर्ध्या कामावर ठेवा. आणायचाच असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणा, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी काही महिने मिळतात.

मला खरी चिंता जून ते सप्टेंबरची. दमट हवेत बाहेरून आलेल्या काही घोड्यांचा घाम यायचा थांबतो. अंग कोरडं, श्वास जोरात, कामानंतर बराच वेळ धाप. असं दिसलं की काम बंद, अंगावर पाणी ओतत राहा आणि डॉक्टरांना बोलवा. दुसरं म्हणजे बारीक डास-माश्यांच्या चाव्याची ॲलर्जी. दाट आयाळीखाली आणि शेपटीच्या मुळाशी घोडा खाजवून खाजवून रक्त काढतो. संध्याकाळच्या आत तबेल्यात घ्या, पंखा लावा, जाळी लावा. गोमाश्यांमुळे सर्रा हा रक्तातला रोग पसरतो. पावसाळ्यात मधूनमधून ताप आणि पोटाखाली सूज आली तर रक्त तपासायला उशीर करू नका.

खायला काय घालायचं? आमच्याकडे केळी, कापूस, ज्वारी सगळं आहे.

पीआरई थोडक्या खाण्यावर गुबगुबीत होणारी जात आहे. आपल्याकडच्या प्रेमाने, म्हणजे हरभरा, गूळ, तूप, दुधाने, तो लठ्ठ होईल आणि खुरांच्या आतल्या पडद्यांना सूज येईल. ही सूज, म्हणजे लॅमिनायटिस, झालेला घोडा पुढचे पाय पुढे ताणून उभा राहतो, पाऊल टाकत नाही, आणि पुष्कळदा पुन्हा कामाला येत नाही. गूळ बंद. हरभरा मूठभर, तोही कामाच्या प्रमाणात. फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवला की सहज लागाव्यात, हे माप ठेवा.

मुख्य अन्न सुकं गवत, घोड्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, दिवसात अनेकदा थोडं थोडं. लसूणघास थोडा. कडबा नुसता भरला तर पोटात गोळा बसून शूळ होतो. घालायचाच तर बारीक कुट्टी करून, गवतात मिसळून आणि भरपूर पाण्यासोबत. कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला नको. तिच्यात सायनाईड तयार करणारं द्रव्य असतं, आणि सतत खाल्ली तर घोड्याचं मूत्राशय आणि मागचे पाय लुळे पडतात. गाय खाते म्हणून घोडा खाईल हा हिशेब इथे चुकतो.

आणि हे वाक्य तबेल्याच्या भिंतीवर लिहून ठेवा: कोंबड्यांचं किंवा गाई-म्हशींचं तयार खाद्य घोड्याला देऊ नये. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गुरांना ते चालतं, घोड्याच्या हृदयाचा मात्र अगदी थोड्या मात्रेतही घात करतं. सालदाराला, मोतद्दाराला, घरातल्या मुलांना, सगळ्यांना हे माहीत हवं. खाद्याची पोती वेगळ्या खोलीत ठेवा.

रपेटीला आपल्याकडे जागा कुठे आहे?

भरपूर आहे. यावल-चोपड्याकडचे केळीच्या बागांमधले रस्ते, सातपुड्याच्या पायथ्याच्या पायवाटा, शहाद्याकडून तोरणमाळच्या दिशेला चढत जाणारा भाग, गिरणेच्या आणि पांझरेच्या काठचे मऊ पट्टे. पण वाट आधी पायी चालून बघा. ठिबकच्या नळ्या, तारेची कुंपणं, रानडुकरांसाठी सोडलेला करंट, उघड्या चाऱ्या. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगेत घोड्याचा पाय अडकतो. पावसात तीच जमीन नाल उपटून घेते. म्हणून जून ते सप्टेंबर मुरमाड वाट धरा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि लगीनसराईत डीजे, त्या वेळा टाळा. पहिले काही आठवडे एका शांत, वयस्क देशी घोड्याची सोबत द्या. नवा घोडा त्याच्याकडे बघून ट्रॅक्टरला ओळखतो. डोक्यावर हेल्मेट, नेहमी, फेट्याच्या फोटोपुरतंही काढायचं नाही.

मैदान कसं करू?

खाली मुरूम दाबून, निचऱ्याचा उतार देऊन, वर धुतलेली वाळू. फार जाड थर टाकू नका, कंडरा ताणतात. 20 बाय 40 मीटर पुरे.

खोगीर इथलं चालेल का?

बहुधा नाही. पीआरईची पाठ रुंद आणि आखूड. मारवाडीच्या अरुंद पाठीसाठी केलेलं खोगीर खांद्याच्या हाडांना चिमटा घेतं, आणि मग घोडा वाईट वागतो म्हणून त्यालाच मार बसतो. विकणाऱ्याकडून त्याचं वापरातलं खोगीर सौद्यात मागून घ्या.

भोवरे (केसांचे शुभ-अशुभ मानलेले वळसे) बघायचे की नाही?

घरातल्या वडिलधाऱ्यांची श्रद्धा असेल तर त्यांचा मान ठेवून बघा. स्पेनच्या घोड्यातही देवमण असलेला, नसलेला, पंचकल्याणी, सगळे मिळतात. पण पायाचा एक्स-रे आणि स्वभाव चांगला असताना केवळ भोवऱ्यासाठी घोडा सोडू नये, असं मी त्यांच्यासमोरही सांगतो.

शिकवणार कोण?

घोडा घेण्याआधी याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं. पुण्या-मुंबईकडे आणि इंदूरला चांगले प्रशिक्षक आहेत. आधी काही महिने त्यांच्या घोड्यांवर शिका. नंतर महिन्यातून एकदा त्यांना इकडे आणा किंवा सरावाचे व्हिडिओ पाठवा. स्पर्धेत उतरायचं असेल तर भारतीय अश्वारोहण महासंघाकडे स्वार आणि घोडा दोघांची नोंदणी लागते. उत्तम घोडा शिक्षकाशिवाय वर्षभरात बिघडतो. हा खर्च परवडत नसेल तर घोड्याची खरेदी पुढे ढकला. तेवढ्या पैशात मुलगी दोन वर्षं चांगल्या ठिकाणी शिकेल.

जमलं नाही तर परत विकता येईल?

देशात येईल, युरोपात परत पाठवणं फार कठीण. भारतातून जाणाऱ्या घोड्यांवर रोगांच्या कारणाने कडक निर्बंध आहेत, म्हणूनच आपले आंतरराष्ट्रीय स्वार आपले घोडे तिकडेच ठेवून सराव करतात. देशात विकताना खरेदीदार तीन गोष्टी मागतो: आंक्सेचा पासपोर्ट आणि मालकीची नोंद तुमच्या नावावर, लसीकरण आणि उपचारांची वही, आणि घोडा सध्या काय काम करतो त्याचा ताजा व्हिडिओ. म्हणून मालकी बदलाची नोंद खरेदीच्या वेळीच स्पेनमध्ये करून घ्या. नंतर इथून पत्रव्यवहार करत बसलात तर जुना मालक उत्तर देईलच असं नाही, आणि कागद पूर्ण नसलेल्या घोड्याला पीआरईची किंमत कुणी देत नाही.